मोबाईलला लावलेली तीट

आमच्या घराण्यात ‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला ‘चांगली आहे’ असं उत्तर देणारा माणूस मी एकटाच. बाकी सगळी मंडळी हा प्रश्न ऐकला की आधी एक सुस्कारा सोडतात. ‘कसलं काय, ढकलून राहिलो दिवस’ ही सुरुवात. मग गुडघे, कंबर, छाती, डोळे, असं खालून वर जातात. यामागचं शास्त्र साधं आहे. चांगलं म्हटलं की नजर लागते. लहानपणी कुणी मला गुटगुटीत म्हटलं की आई घाईघाईनं म्हणायची, “कुठलं गुटगुटीत बाई, काहीच खात न्हाई लेकरू.” मी त्या वेळी तिच्या मागं बसून तिसरी भाकरी मोडत असायचो.

या विद्येत सगळ्यांवर कडी म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आम्ही आक्का म्हणतो. पासष्टी ओलांडलेली, राहते शिरड शहापूरला. दाजी गेल्यापासून शेत तीच बघते. एकदा हळदीच्या दिवसांत मी गेलो, तर ही शिजवलेली हळद उन्हात पसरून राहिली होती. मी विचारलं, “आक्का, तब्येत काय म्हणती?”

“मेल्यात जमा धर रे भाऊ,” ती म्हणाली, आणि भरलेलं घमेलं एका हिसक्यात डोक्यावर घेऊन खळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी ते घमेलं उचलायचा एक प्रयत्न करून पाहिला. त्याविषयी इथं लिहीत नाही.

आक्काला एकच लेक. माझी भाची. ती आणि आमचे जावई चार वर्षांपूर्वी जर्मनीला नोकरीला गेले. तिकडं म्हणे प्रत्येकाकडं विम्याचं कार्ड असतं. दवाखान्यात गेलं की ते कार्ड दाखवायचं, खिशात हात घालायची गरजच नाही. पण सुरुवातीला या दोघांचं कार्ड कुठल्या तरी टपालात अडकलं. तेवढ्यात भाचीची दाढ दुखायला लागली. कार्ड नाही तर दार उघडतील का, ही भीती. भाषा धड येत नाही, विचारायचं कुणाला? पोरीनं दोन आठवडे लवंग धरून काढले. नंतर कळलं की कंपनीकडून एक कागद मागून घेतला असता तर काम झालं असतं. पण परक्या गावात माणूस आधी गप्प बसायला शिकतो. आक्कानं तेव्हा इकडून लवंगांचा पुडा पाठवला होता. तो पोचला तेव्हा दाढ काढून महिना झाला होता.

तर अशा त्या पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिचं कार्ड तिकडं चालतं, डॉक्टरीण तिकडची, आणि दिवस भरत आल्यावर तिला विमानात बसायची परवानगी नाही. आक्कानं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, “ती माहेराला येऊ शकत न्हाई, तर माहेर तिच्याकडं जाईल.” माहेर म्हणजे आता आक्का एकटीच. तेवढं माहेर विमानात बसवून द्यायची जबाबदारी मामाची, म्हणजे माझी.

मी हट्ट्याच्या शाळेत कारकून आहे, राहतो वसमतला. पंचक्रोशीतले निम्मे फॉर्म माझ्या अक्षरात आहेत. दाखले, शिष्यवृत्त्या, पीकविमा, काहीही आणा. त्यामुळं व्हिसाच्या कागदांची यादी आली तेव्हा मी ती चष्मा न लावताच वाचली आणि बायकोला म्हणालो, “एक आठवड्याचं काम.” बायकोनं फक्त “बरं” म्हटलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर त्या ‘बरं’चे अर्थ कळायला लागतात.

यादीत एक कागद होता प्रवासातल्या आजारपणाच्या विम्याचा. तो नसेल तर व्हिसा नाही. आता विमा म्हटलं की माझा शाळेतला दोस्त. वसमतच्या बाजारात त्याच्या आजोबांपासूनचं दुकान आहे, पुढं झेरॉक्स आणि मागं विमा. आक्काला तो आपा म्हणतो. तो म्हणाला, “आपांचं वय आणि तीन महिन्यांचा मुक्काम, म्हणून कंपनीची डॉक्टर फोन करेगी. दोन-चार सवाल. जे खरं हाय ते बोलायचं. बस.”

“एवढंच?”

“एवढंच. पण झूठ नको हां यार. वहाँ काही झालं तर याच जबाबावर बोट ठेवतात.”

फोनसाठी आक्का आमच्याकडं आली. नवं लुगडं नेसून, केस चापून बसवून, जणू फोनमधून कुणी बघायला येणार होतं. मी मोबाईल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बरोबर अकरा वाजता फोन वाजला. पलीकडची बाई हिंदी बोलत होती आणि फार गोड बोलत होती.

“नमस्ते माताजी, तबियत कैसी है आपकी?”

हाच प्रश्न मी आक्काशी आधी बोलून ठेवायला हवा होता. नाव, वय, पत्ता सगळं पाठ करून घेतलं होतं. हे राहिलं. इतक्या मायेनं चौकशी झाल्यावर आक्का काय करणार? तिनं सुस्कारा सोडला.

“क्या तबियत बाई, क्या बताऊँ. सब गया. गुडघे गये. नजर गयी. छाती में धकधक होता. रात को नींद न्हाई, दिन को भूक न्हाई.”

पलीकडं टाईप केल्याचा आवाज यायला लागला. मी दोन्ही हात हलवून ‘थांब, थांब’ म्हणून खुणावलं. आक्कानं माझ्या हाताकडं पाहिलं आणि तिला एकदम आठवलं.

“हां, हाथ भी टूटा था.”

“कब माताजी?”

“शादी से पहले. बैल ने फेका था.”

“चक्कर आता है?”

“दिनभर.”

मी कपाळावर हात मारला. आक्काला वाटलं, मी अजून काही सुचवून राहिलोय. “और सर दुखता,” ती म्हणाली. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी होती. शेवटी पलीकडच्या बाईनं विचारलं, “और कुछ माताजी?” आक्का समाधानानं म्हणाली, “अब कितना बताऊँ बाई, एक पाय मसनवट में धरो.”

फोन ठेवल्यावर आक्का म्हणाली, “किती चांगली बाई व्हती रे. आपलं कुणी इतकं विचारत न्हाई.” मग तिनं ताटभर पोहे खाल्ले आणि बसस्टँडपर्यंत चालत गेली.

तिसऱ्या दिवशी दोस्तानं दुकानात बोलावलं. त्याच्या समोरच्या पडद्यावर आक्काचे आजार एकाखाली एक लिहिले होते, बैलासकट. त्यानं यादी दोनदा वर-खाली सरकवली. मग म्हणाला, “यार, हे आपांचं हाय की पूऱ्या जिल्ह्याचं?”

कंपनीनं विमा द्यायला नकार दिला होता. बाळंतपणाला दीड महिना उरला होता. व्हिसाची तारीख त्याच्याही आधी, तीन आठवड्यांवर. दोस्तानं मार्ग काढला. कंपनीनं सांगितलेल्या डॉक्टरकडं नांदेडला जाऊन पूर्ण तपासणी करायची. रिपोर्ट चांगला आला तर कंपनी पुन्हा एकदा फोन करील. “आणि या बारी,” तो म्हणाला, “आपांना बोल, खरं बोलायचं म्हणजे खरंच खरं.”

हे भाचीला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण त्याच संध्याकाळी मी शिरडला गेलो, तर आक्कानं माझ्यासमोरच तिला फोन लावून सांगून टाकलं. पोरगी फोनवर रडली नाही. नुसती म्हणाली, “असू दे मामा. इथं घरी येणारी सुईण मिळते, विम्यातच आहे. मी ठीक आहे.” तिचं ते ‘ठीक आहे’ ऐकून आक्का त्या रात्री जेवली नाही. ही भूक नसणं मात्र खरं.

नांदेडला गेलो. तपासणी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण आक्का लिफ्टमध्ये बसत नाही. “त्या डब्यात कोंडून घ्यायला मी काय उंदीर हाय?” म्हणाली. मी म्हणालो, “आक्का, तुला विमानात बसायचंय.” ती म्हणाली, “विमानाला खिडकी असती.” आणि जिना चढायला लागली. मी मागून. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, म्हणजे माझ्यासाठी थांबली. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा आक्का भिंतीवरची चित्रं बघून राहिली होती आणि मी खुर्ची शोधत होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आक्काचं वजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख, साखर, सगळं बघितलं. चष्म्याचा नंबर तेवढा बदलला होता, आणि खाली बसून उठताना गुडघे कुरकुरत होते. “आजी, तुम्ही तर माझ्यापेक्षा धडधाकट आहात,” त्या म्हणाल्या. आक्कानं लगेच जमिनीकडं बघत म्हटलं, “कशाची धडधाकट बाई.” मी तिचा हात दाबला.

मग डॉक्टर बाईंची नजर माझ्यावर आली. मी अजून रुमालानं मान पुसत होतो.

“तुम्हाला कसं वाटतंय?”

“मला? एकदम फस्क्लास!” हे माझं ठरलेलं उत्तर. घरातली ही अडाणी रीत मी कॉलेजात असतानाच सोडली होती, आणि गेली तीस वर्षं त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

“जरा हात पुढं करा.”

पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. आकडा त्यांनी मला लगेच सांगितला नाही. आधी पाणी प्यायला लावलं. मग म्हणाल्या, “तुम्ही इथून सरळ घरी जायचं नाही. आधी गोळी घ्यायची.”

म्हणजे तपासायला नेली आक्का आणि चिठ्ठी मिळाली मला. पण खरं संकट पुढं होतं. परतीच्या बसमध्ये आक्का माझ्याकडं बघत राहिली. आनंद, काळजी आणि विजय हे तिन्ही भाव एकाच तोंडावर मी पहिल्यांदाच पाहिले.

“पाह्यलं? फस्क्लास म्हणला अन् बसला.”

“आक्का, तो आजार आधीपासूनचा असतो. म्हणल्यामुळं होत न्हाई.”

“मंग आधी काहून न्हाई निघाला? आज तोंडातून शब्द गेला अन् आजच निघाला.”

विज्ञानानं याला उत्तर दिलेलं असेलच. मला चालत्या बसमध्ये गोळी गिळताना सुचलं नाही.

रिपोर्ट कंपनीकडं गेला. शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन येणार असं कळलं. आक्का गुरुवारीच मुक्कामाला आली. आम्ही तालीम सुरू केली. बायको लाटणं कानाला लावून कंपनीची डॉक्टरीण झाली.

“माताजी, तबियत कैसी है?”

आक्का तोंड उघडायची आणि तिथंच अडकायची. दहा वेळा केलं. दहाव्या वेळी तिनं डोळे मिटून “अच्छी...” एवढं म्हटलं आणि ताडकन उठून मीठ-मिरच्या शोधायला गेली.

मी चिडलो. मी म्हणालो, “आक्का, एक शब्द! एका शब्दासाठी तुझं जाणं अडलंय. लेकीपेक्षा तुला नजर मोठी झाली का?”

आक्का मुठीत मीठ घेऊन तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, “लेकीसाठीच न्हाई म्हणून राहिले रे. माझं मला काय बी होऊ दे. पण मी इथं चांगलं म्हणलं, अन् ते तिकडं तिच्यावर आलं तर? ऐन वेळेला?”

यावर माझ्याकडं कुठला फॉर्म नव्हता.

लाटणं खाली ठेवलं बायकोनं. ती आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. “आक्का,” ती म्हणाली, “आपण चांगल्या लेकराला काय करतो? लोक चांगलं म्हणणारच, त्यांचं तोंड कुठं धरावं? म्हणून तीट लावतो. म्हणजे कितीही चांगलं म्हणलं तरी चालतं. व्हय की न्हाई?”

“व्हय. पण मला लावून काय? शब्द तर त्या फोनातून जाणार.”

“मंग फोनलाच लावू.”

आणि तिनं माझा मोबाईल उचलला, बोटावर काजळ घेतलं आणि त्याच्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात, चांगली ठसठशीत तीट लावली. मी म्हणालो, “अगं, तिथं कॅमेरा आहे.” ती म्हणाली, “तुमी गोळी घेतली का?”

आक्कानं फोन हातात घेतला. उलटा केला, तीट पाहिली, अंगठ्यानं पुसत नाही ना हे बघितलं. मग म्हणाली, “अजून एक लाव. दूर जायचंय त्याला.”

शुक्रवारी दोन तिटा लावलेला मोबाईल टेबलावर मांडला. यावेळी उलटा, म्हणजे तीट आक्काच्या नजरेसमोर राहावी. फोन आला. आवाज त्याच बाईचा.

“नमस्ते माताजी, अब तबियत कैसी है?”

आक्कानं तिटेकडं बघितलं. माझ्या बायकोकडं बघितलं.

“अच्छी है,” आक्का म्हणाली.

छप्पर पडलं नाही.

“लेकिन माताजी, पिछली बार तो आपने बहुत कुछ बताया था.”

“वो तो बोलने की रीत है बाई. हमारे में अच्छा है ऐसा न्हाई बोलते. आप ने इतने प्रेम से पूछा, तो मैं ने भी दिल खोल के बताया.”

पलीकडं टाईप करणं थांबलं. मला वाटतं, या उत्तरासाठी तिच्याकडं रकाना नसावा.

“तो चक्कर नहीं आता?”

“मेरे को न्हाई आता. मेरे भाई को आता होगा. उस का बीपी निकला है, लिखना हो तो लिखो.”

ती बाई हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. पुढं आक्कानं सगळं सांगितलं, जसं आहे तसं. चष्म्याचा नंबर, कुरकुरणारे गुडघे, जुना मोडलेला हात. मिश्री लावते तेही सांगितलं, जे मागच्या वेळी विसरली होती. फोन ठेवला आणि ती उठली ती थेट चुलीकडं. मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरवल्या, बायकोवरून उतरवल्या, शेवटी मोबाईलवरून. ठसका इतका उठला की शेजारीण विचारायला आली.

विमा मंजूर झाला. व्हिसा झाला. मुंबईच्या विमानतळावर आक्कानं सामानाच्या ढकलगाडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, आमच्याकडं एकदा वळून पाहिलं आणि ज्या बाईला लिफ्टची भीती वाटत होती ती काचेच्या दारातून ताठ आत गेली. मी रडलो. बायको म्हणाली, “बीपी वाढंल.”

पुढचं मला भाचीनं नंतर सांगितलं. कळा सुरू झाल्या तशी ती, जावई आणि आक्का दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सनं विचारलं, “कसं वाटतंय?” भाची हसून म्हणाली, “ठीक आहे.” तिकडं सगळे तसंच म्हणतात, आणि परक्या माणसानं जास्त तक्रार करू नये, असं तिनं दाढेपासूनच मनाशी धरलं होतं. नर्सनं तपासलं, अजून वेळ आहे म्हणाली आणि घरी जाऊन आराम करा म्हणून सांगितलं.

जावयांनी हे मराठीत सांगितल्यावर आक्का जागची हलली नाही.

“तू बरी हाय म्हणलीस?”

“अगं आई, म्हणायची पद्धत आहे.”

“पोरी, कार्ड घेतलंस, भाषा घेतलीस, ते समदं चांगलं केलंस. पण दुखतंय तर दुखतंय म्हण की. त्यांना काय सपन पडणार हाय?” आणि मग तिनं लेकीला तिथं, बाकावर बसवून, कुठं दुखतं, किती वेळानं दुखतं, पाठीत येतं का पोटात, सगळं एकेक विचारून घेतलं आणि म्हणाली, “आता हेच तिला सांग. खालून वर.”

भाचीनं सांगितलं. सगळं, अगदी आमच्या घराण्याला शोभेल असं. नर्सनं ऐकून घेतलं, पुन्हा नीट तपासलं, दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं आणि तिला ठेवून घेतलं. तासाभरात कळा एकदम वाढल्या. घर दवाखान्यापासून चाळीस मिनिटांवर होतं. भाची म्हणाली, “मामा, घरी गेलो असतो तर परत येताना आम्ही बसमध्येच असतो.”

हे सगळं आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, पोरीला दवाखान्यात नेलंय एवढाच निरोप आला होता. मी शाळेत होतो. प्रवेशाचे फॉर्म तपासत होतो, म्हणजे एकाच फॉर्मकडं सकाळपासून बघत होतो. बायको फोन करून दर अर्ध्या तासाला विचारत होती आणि मी दर वेळी ‘अजून नाही’ म्हणत होतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मोबाईल थरथरला. पडद्यावर आक्काचं तोंड. मागं पांढरी भिंत. मला तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

“आक्का! काय झालं?”

तिनं सुस्कारा सोडला.

“काय सांगू रे भाऊ,” ती म्हणाली. “पोरगी झाली. कसली पोरगी, काडीवानी हाय नुसती. नाक बसकं. रंग काळा. केस तर इतके इतकेच. आवाज म्हणशील तर कावळ्यासारखा, सारा दवाखाना डोक्यावर घेतलाय. हिची आई बी पडली हाय, नुसती खाऊन राहिली. माझं तर इचारूच नको, मेल्यात जमा धर.”

मी खुर्चीत मागं टेकलो. शिपाई धावत आला, “साहेब, तब्येत?” माझ्या तोंडाशी फस्क्लास आलं होतं. ते मी गिळलं.

“कसलं काय,” मी म्हणालो, “ढकलून राहिलो.”

मग बायकोला फोन लावला. तिनं श्वास रोखून विचारलं, “काय म्हणतात आक्का?”

“पोरगी झाली. फार वाईट आहे म्हणती. काळी, बसक्या नाकाची, काडीसारखी.”

“देवा!” बायको म्हणाली, आणि मला भांडी सरकवल्याचा आवाज आला. “थांबा, साखर काढते. अख्ख्या गल्लीत वाटायची.”